तीस रात्रींची हजेरी

पंचवीस रात्री बिनबोभाट पार पडल्या आणि सव्विसाव्या दिवशी सकाळी बाबुरावांना ओळीने अकरा शिंका आल्या. अकराव्या शिंकेनंतर त्यांनी कोपऱ्यातल्या मशीनकडे पाहिलं.

"आता माझं काही खरं नाही," ते म्हणाले.

त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. पण झोपेत त्यांचा श्वास अडकायचा, म्हणून भूल देण्याआधी झोपेच्या डॉक्टर सुनेत्रा मॅडमनी अट घातली होती. महिनाभर रोज रात्री निदान चार तास सीपॅप मशीन लावायचं. हे मशीन मास्कमधून नाकातोंडात हवेचा दाब देतं, श्वास अडकू देत नाही आणि सगळ्याची नोंदही ठेवतं. तीस रात्री भरल्या की ऑपरेशन. नाहीतर तारीख थेट पावसाळ्यानंतरची. नात अक्षताचं लग्न मात्र मे महिन्यात होतं आणि तिच्या वरातीत काठी टाकून नाचायचा शब्द आजोबा देऊन बसले होते.

तरुणपणी बाबुराव लोअर परळच्या एका गिरणीत बदली कामगार होते. कायमचा कामगार आला नाही की त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, बदलीने उभं राहायचं. माणूस कोणीही असो, साचा चालला पाहिजे. गिरणी बंद पडली, पुढे महापालिकेत नोकरी झाली, पेन्शन लागलं, तरी त्यांच्या बोलण्यातली गिरणी काही सुटली नाही. मशीन लावून झोपण्याला ते रातपाळी म्हणत आणि एकही खाडा होऊ द्यायचा नाही, असं घरच्यांना बजावत. घरचे म्हणजे एकट्या मीराबाई.

मशीन आल्यापासून बाबुरावांचं घोरणं बंद झालं होतं. शेजारचे कोंडीराम तर आभार मानून गेले होते. बदलली नव्हती ती एकच गोष्ट. मीराबाई दुपारी मेथी निवडताना पेंगायच्या. चाळीस वर्षं त्याचं खापर नवऱ्याच्या घोरण्यावर फुटत आलं होतं. आता घोरणं थांबलं तरी पेंग होतीच.

"अंगाला सवय झालीय," त्या म्हणायच्या.

सर्दीच्या पहिल्या रात्री बाबुरावांचे हाल झाले. चोंदलेल्या नाकावर हवा येऊन आदळायची आणि घशाला कोरड पडायची. अर्ध्या तासात त्यांनी मास्क काढला, सर्दीची गोळी घेतली आणि जरा वेळाने लावतो म्हणत आडवे झाले. जाग आली तेव्हा उन्हं वर आली होती. मास्क धुऊन दोरीवर टांगलेला होता आणि मशीनवर साडेसहा तासांचा आकडा होता.

"मी परत लावला होता?" त्यांनी विचारलं.

"रात्रभर चालू होतं," मीराबाई म्हणाल्या. "आकडा बघा ना."

त्या दिवसापासून मीराबाईंनी कंबर कसली. संध्याकाळी वाफारा, मग नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, डोक्याखाली दोन उशा. मशीनच्या भांड्यात रोज ताजं पाणी भरून त्याची ऊब वाढवली. हवा वाटेत गार होऊ नये म्हणून नळीला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली. मास्क तर त्या रात्री एकदा आणि सकाळी एकदा साबणाने धुवायच्या. बाबुराव मास्क लावून पडायचे, गोळीने गुंगी यायची आणि पुढचं काही आठवायचं नाही. आकडा मात्र सात तासांच्या खाली येत नव्हता.

"रात्री आवाज येत होता, बाबुराव," कोंडीराम एकदा म्हणाले. "मशीन बिघडलं काय?"

"सर्दी आहे त्यांना," शेगडीपाशी बसलेल्या मीराबाईंनी परस्पर उत्तर दिलं.

त्या पाच दिवसांत मीराबाईंच्या अंगात कुठून वारं शिरलं कोण जाणे. पहाटे गजराच्या आधी उठल्या, पोटमाळा झाडला, विहारात चालत जाऊन चालत आल्या. मेथीच्या दोन जुड्या न पेंगता निवडल्या, वर गुणगुणत. एका सकाळी त्यांच्या गालावर लांब वळ दिसला. उशीची घडी रुतली, म्हणाल्या. आपली हजेरी भरतेय म्हणून ही एवढी खुलली, असं बाबुरावांना वाटलं आणि त्यांना बायकोचं फार कौतुक वाटलं. त्यांनी तिला तसं बोलूनही दाखवलं.

महिना संपताच दोघं दादरला मॅडमच्या दवाखान्यात गेली. खुर्चीत बसता बसता मीराबाईंना दोन शिंका आल्या.

"यांचीच लागली," त्या म्हणाल्या.

मॅडम बराच वेळ कॉम्प्युटरवर नोंदी पाहत राहिल्या.

"पहिल्या पंचवीस रात्री उत्तम," त्या म्हणाल्या. "शेवटच्या पाच रात्री मात्र श्वास फार अडकलाय, मशीनला दाब जवळजवळ दुप्पट करावा लागलाय. नुसत्या सर्दीने इतकं होत नाही. नवीन पेशंटची अशी नोंद आली असती, तर त्याला मी आजच मशीन घ्यायला लावलं असतं."

बाबुरावांचा चेहरा उतरला. त्यांना डोळ्यांसमोर वरात दिसत होती आणि वरातीमागे काठी टेकत चाललेला म्हातारा.

मॅडम हसल्या. म्हणाल्या, नाक बंद असताना चार-पाच रात्री मशीन लावलं नसतं तरी मी काही म्हणाले नसते. पंचवीस रात्री पुरेत. ऑपरेशन ठरल्या तारखेलाच होईल. त्यांनी कागदावर सही केली.

बाबुराव कागद घेऊन काठी विसरून उठले आणि लंगडत दारापर्यंत पोचले. मागे वळून पाहतात तर मीराबाई अजून खुर्चीतच होत्या.

"मग त्या पाच रात्री माझ्या नावावर लावा, मॅडम," पदर सावरत त्या म्हणाल्या. "बदलीवर मी होते."