खोकल्याची उशी

थोरल्या दिरांची बायपास छातीचं हाड कापून झाली होती. खोकताना छातीशी धरायला मी त्यांना उशी शिवून दिली होती. यंदा नवऱ्याची, विबेची पाळी, म्हणून पुन्हा शिवली. पण त्याचं ऑपरेशन रोबोटच्या हातांनी, फासळ्यांमधल्या बारीक भोकांतून झालं. चौथ्या दिवशी घरी आला आणि उशी तशीच पडून राहिली. "माझी मेहनत फुकट," मी कुरकुरले. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी सायकलची परवानगी देताच त्यानं उशी कॅरिअरवर बांधली. "बस मागं. बाजारात हेरिंग मासे खाऊ." मी बसले. कालव्यावरचा पूल आला. गेली दोन वर्षं या चढाला त्याला धाप लागायची, मी उतरून चालायचे. सवयीनं पाय खाली सोडले. "उतरू का?" "गप बस गं!" पुलाच्या माथ्यावर तो शीळ घालत होता. काळजीनं श्वास रोखून धरल्यानं धाप लागली होती, ती मला.