नखांची पुडी

"नख कुठंय, मावशी?" कामगार न्यायालयातल्या कारकुनाने विचारलं.

हौसाबाईंचा पाय नखं वाचणाऱ्या यंत्रावर होता आणि अंगठ्याला नखाच्या जागी नुसती गुलाबी कातडी होती.

"बुरशी झालती. चप्पल घालवत नव्हती. कारखान्यानं शिबिर भरवून फुकट काढून दिली, दहाच्या दहा."

कारकुनाने कपाळाला हात लावला. अंगात कुठल्या महिन्यात कुठलं विष गेलं ते नखात थराथराने साठतं, आणि न्यायालय तेवढाच पुरावा मानतं. रंगाच्या हौदावरचं काम सोडून हौसाबाईंना आठ महिने झाले होते. हातांची नखं केव्हाच नवी आली होती. किडन्या कशाने गेल्या हे सांगणारी पायांची नखंच तेवढी उरली होती, पिवळी, जाड, भुसभुशीत का असेनात.

"काढलेले तुकडे तरी?"

हौसाबाईंना शिबिरातला तो तरुण डॉक्टर आठवला. मॅनेजर पाठीशी उभा असताना कागदाची पुडी त्यांच्या मुठीत कोंबत तो हळूच म्हणाला होता, "जपून ठेवा." त्यांना हसूच आलं होतं. एवढा शिकलेला, आणि नखं घरात ठेवली की भांडणं लागतात, एवढंही याला ठाऊक नाही!

घरी जाताना वाटेतच त्यांनी ती पुडी ओढ्यात सोडली होती.

"घरात भांडण नको म्हणून टाकली, बाबा," त्या म्हणाल्या.

"मग आता भांडणार कशाच्या जोरावर?" कारकून म्हणाला, आणि त्याने यंत्र पुसायला घेतलं.