वस्तीचा नंबर

सिंधूने बटण दाबलं आणि स्क्रीन पुन्हा लाल झाली.

"परत त्या जुन्या मशीननंच अडवलं!" ती वैतागून म्हणाली.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात टँकर गावात शिरला की आधी कोणत्या वस्तीला पाणी द्यायचं, हे एक प्रोग्राम रोज आळीपाळीने ठरवी. तो लातूरच्या या दोन खोल्यांच्या ऑफिसात तयार होई. त्याचे भाग जोडून तो गावोगावच्या कॉम्प्युटरवर पाठवणारी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, सिंधूच्या गळ्यात पडली होती. त्या यादीतल्या निम्म्या ओळी नुसत्या काही गावांतल्या जुन्या मशीनचे लाड पुरवायला. इकडे एक अक्षर बदललं की तिकडे काहीतरी रुसायचंच.

मालक हणमंतरावांनी मागून डोकावून पाहिलं. "काढून टाक की समदं. उदगीर जिल्हा झाला की नवीच मशिनं येणार हायेत."

उदगीर जिल्हा होणार, हे सिंधू शाळेत होती तेव्हापासून ऐकत होती. पण आज तिला ते पटवून घ्यायचंच होतं. तिने त्या ओळी उडवल्या, जुन्या मशीनवर चालेल असा प्रोग्राम बनवायला जपलेलं टूलही डिस्कवरून पुसलं आणि बटण दाबलं. स्क्रीन हिरवी झाली. नवा प्रोग्राम सगळ्या गावांना गेला. तिला इतकं हलकं वाटलं की तिने चहा सांगितला.

चहा यायच्या आत फोन वाजला. जळकोटच्या पुढच्या एका गावातून पंचफुला बोलत होती. तिथल्या ग्रामपंचायतीचा कॉम्प्युटर तीच चालवायची.

"म्याडम, नवा प्रोग्राम उघडंना झालाय. जुना बी गायब हाय."

"मशीन लई जुनं आहे तुमचं. नवं मागवा ना!"

"मागून मागून थकलो."

"मग आजचा दिवस हातानं लिहा नंबर."

"हातानं लिहिलं की आमची बुद्धवस्ती शेवटी जाती, म्याडम. तवर टँकरात काय उरत न्हाई. मशीननं काढल्याला नंबर कुणी बदलत न्हाई. आज आमचा पयला होता. बायांनी सकाळपासून घागरी मांडून ठेवल्यात."

सिंधूला स्वतःचाच संताप आला. "फोन ठेवू नका," म्हणत तिने उडवलेल्या ओळी परत आणल्या. स्क्रीन लाल. टूल सापडत नव्हतं. ते तर तिनेच पुसलं होतं. तिने ते नेटवरून पुन्हा उतरवायला घेतलं. स्क्रीनवरची पट्टी थोडी सरकली आणि अडकली. तिने टेबलावर हात आपटला.

"नेट सकाळपासून असंच करायलंय," हणमंतराव म्हणाले.

फोनमध्ये टँकरचा हॉर्न ऐकू आला. मग कुणा पुरुषाचा आवाज आला, "पंचफुले, आण तो कागद इकडं. मी लिव्हतो."

"पंचफुलाताई, थोडं थांबवा त्यांना! होतंय, होतंय आता!"

"ऱ्हाऊ द्या, म्याडम," पंचफुला म्हणाली. "बायांना रांगेतनं घागरी उचलाया सांगते."