मंगळवारची पाळी

पाण्याच्या मधोमध मोटर बंद पडली आणि होडीतल्या सगळ्यांनी सहदेवकडे पाहिलं.

पाहणारच. धरणाचं पाणी भरल्यापासून मधलीवाडीला चारी बाजूंनी पाणी. कर्जतच्या बाजाराला जायचं तरी आधी होडी. या काठापासून त्या काठापर्यंत बांधलेला दोर ओढत ती न्यायची, दर दिवशी एका घराची पाळी. यंदा वाडीने वर्गणी काढून उन्हावर चालणारी मोटर आणली, तेव्हा एकटा सहदेव आडवा आला. दोरच बरा, म्हणाला. का, ते काही केल्या सांगेना. निदान दोर तरी सोडू नका, म्हणून अडून बसला. म्हाताऱ्याचा हट्ट, असं म्हणत लोकांनी दोर राहू दिला.

सांगणार तरी काय? धाकटा भाऊ संतोष त्याच्याशी बोलत नव्हता. वाटण्यांच्या वेळी एका फणसाच्या झाडावरून बिनसलं होतं. पुढे ते झाडही वाळून गेलं, अबोला काही सुटला नाही. घर वाटलं, जमीन वाटली. होडीची पाळी वाटायचं तेवढं कुणाला सुचलं नाही. त्यामुळे मंगळवार दोघांचा. सहदेव पुढे, संतोष मागे. दोघांनी एकदम ओढलं नाही तर होडी आडवी होते, म्हणून मागच्याने हाक द्यायची.

"दादा, वढ."

आठवड्यातून एक दिवस संतोष त्याला दादा म्हणायचा. बिचाऱ्या सहदेवला तेवढंही पुरत होतं.

आज मोटर आल्यानंतरचा पहिला मंगळवार. मोटरीला एक माणूस पुरे, तरी दोघंही आले होते. ती बंद पडली तसा सहदेव उठला, पुढे जाऊन त्याने दोर धरला. मागून हाक आली. त्याचे डोळे भरून आले, पण त्याने मागे वळून पाहिलं नाही. हाकेसरशी ओढत राहिला. आज काठ जरा लांब असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

काठाला लागल्यावर ऋतिकाने बॅटरीचं झाकण उघडलं. वाडीची मोटर तीच सांभाळायची. वायरीचा स्क्रू कुणीतरी मुद्दाम सैल केला होता, धक्क्याने वायर निघाली होती.

मग लोक सहदेववर तुटून पडले. सगळ्या वाडीच्या घामाची वस्तू, तुला काहीच कसं वाटलं नाही, असं ज्याने त्याने सुनावलं. आपण हातही लावला नाही, असं तो हात जोडून सांगत होता. ऐकतो कोण? आजपासून मंगळवार दुसऱ्या घराला द्यायचा, असंही ठरायला आलं. ते ऐकून सहदेव मटकन काठावर बसला.

संतोष गर्दीतून पुढे आला. थोरल्या भावाच्या खांद्यावर त्याने हात ठेवला.

"दादाला काय बी बोलू नका," तो म्हणाला. "वायर मी सैल केली हाय."