तेलाच्या जाहिरातीखाली

नव्या आवृत्तीच्या परवानगीवर सही करायला दिलेलं पेन सत्यशीलाबाईंनी हातात घेतलं आणि टोपण न काढताच टेबलावर ठेवलं. त्यांना आधी कथेचा शेवट हवा होता.

प्रकाशनाकडून आलेल्या ऋचाला वाटलं, नव्वदी ओलांडली की होतं असं. बाईंच्या दिवंगत यजमानांची, रंगनाथरावांची ही कथा म्हणजे मराठी नवकथेची सुरुवात. तिला शेवट नाही हे कॉलेजातली पोरंही सांगतील. दिवेलागणीला आई मुलाला हाका मारते, कालव्याकडून ओ येत नाही, कथा तिथेच थांबते. त्या थांबण्यावर कित्येक प्राध्यापकांची पोटं भरली. स्वतःचा मुलगा बुडाल्याचं दुःख लेखकानं असं मुकेपणानं मांडलं, असं प्रस्तावनेत ऋचानंही लिहून टाकलं होतं.

"कथा दिवाळीत छापून आली," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "अनंत गेला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कथा लिहिली तेव्हा अनंत घरभर हुंदडत होता. रोज संध्याकाळी हाका मारमारून आणावा लागे, त्यावरूनच ती सुचली. लिहिलेल्या कथेत पोरगा घरी येत होता. पण दिवाळी अंक छपाईला जाता जाता केसांच्या तेलाची जाहिरात आली, आणि जागा हवी म्हणून संपादकांनी शेवटच्या ओळी उडवल्या. रंगनाथराव भांडायला निघाले होते. तेवढ्यात कौतुक सुरू झालं, आणि त्यांनी पायातल्या चपला काढून ठेवल्या. पुढे पोरगा गेल्यावर तर खरं सांगायची सोयच उरली नाही. नवऱ्याचा सत्कार असला की बाई पहिल्या रांगेत बसत आणि मनातल्या मनात त्या कथेला शिव्याशाप देत. छापलं तसंच झालं, हे त्यांच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

तळटीप देऊ, असं ऋचा म्हणाली.

"तळटीप? म्हणजे पोरगा आला, पण बसवायचा ओसरीवर."

"तसं नाही, आजी. पण त्या ओळी आत घातल्या तर कथा अगदीच साधी होऊन जाईल."

"साधीच होती गं ती."

ऋचानं लॅपटॉप उघडला. सहीसाठी नव्हे, त्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं म्हणून. बाई सांगत गेल्या, ती टाइप करत गेली. पोरगा कालव्यावरून येतो, हातात कसलीशी काडी, आणि दारातूनच म्हणतो, आई, भूक लागली. बस्स. तेवढ्यानं ती थोर कथा कुठल्याही घरातली गोष्ट झाली. ऋचाला वाईट वाटलं, आणि त्या वाटण्याची लाजही वाटली.

"आता पहिल्यापासून वाचून दाखव," बाई म्हणाल्या.

ऋचा वाचू लागली. हाका झाल्या, कालवा झाला. इतकी वर्षं कथा जिथे संपत आली तिथे तिचा आवाज सवयीनं थांबला. मग तिनं पुढचं वाचलं.

सत्यशीलाबाई तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या उघड्या दाराकडे बघत होत्या. बाहेर जिना होता, जिन्यावर कोणी नव्हतं.

"किती रे उशीर," त्या म्हणाल्या. "पाय धू आधी. घरात पाहुणी आलीय."