दोन भिंतींचं जहाज

धावड्याच्या शिवारात दुपार पेंगत होती आणि मच्छिंद्र समुद्राबद्दल बोलत होता.

समोर बाजेवर बसलेली शीतल मुंबईहून आली होती. सरकारला तेलवाहू जहाजांचे नियम आणखी कडक करायचे होते. त्यासाठी ती जुन्या खलाशांचे अनुभव लिहून घेत होती. मच्छिंद्रचं जहाज एकवीस वर्षांपूर्वी भर समुद्रात फाटलं होतं. तीन सोबती गेले, किनारा मैलोन्‌मैल काळा झाला.

आता जहाजाला दोन भिंती असतात, तिनं सांगितलं. बाहेरची फाटली तरी आतली तेल धरून ठेवते. मच्छिंद्रनं डोळे मिटले, जणू ते जहाज त्याच्या कपाशीवरून सावकाश निघालं होतं.

"आमच्याला एकच व्हती," तो म्हणाला.

त्याला अजून स्वप्न पडायचं. काळं पाणी आवाज न करता शेतात शिरायचं. बगळे उडू पाहायचे, पण त्यांचे पंख उचलायचे नाहीत. त्याची बायको तुळजाबाई हलवून जागं करायची, तेव्हा कुठे ते पाणी ओसरायचं. तिनं चहा आणून ठेवला आणि ती तिथंच टेकली.

जहाजाच्या पत्र्याला भेग होती, ती तपासणीत कशी सुटली, असं शीतलनं विचारलं. हे विचारताना तिनं वही मिटली.

मच्छिंद्रनं चहाचा कप बाजूला सरकवला.

"भेग मला दिसली व्हती, ताई. वरून हुकूम आला, रंग मार. म्या मारला. दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले. रंगाखालचं त्यांला काय दिसणार? सही करून गेले."

तुळजाबाईचा हात पदरातच थांबला. तिलाही हे ठाऊक नव्हतं.

पुढं चौकशी झाली. सगळा ठपका साहेबांवर आला, त्यांची नोकरी गेली. त्या झुरणीनंच ते वारले, असं मच्छिंद्रच्या कानावर आलं होतं. तेव्हापासून त्यानं समुद्राचं तोंड पाहिलं नव्हतं.

"देवमाणूस व्हता. माझ्यापायी बुडाला. हे बराबर लिहून घ्या. काय शिक्षा असंल ती भोगतो."

शीतलनं वही उघडली नाही. उठून ती त्याच्या पायाशी येऊन बसली.

"ते साहेब माझे बाबा, काका. जाण्याआधी त्यांनी मला सांगितलं. तो रंग त्यांनी खरवडून पाहिला होता. भेग दिसली, आणि मग सही केली."