आधी दार वाजवा

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांची दिव्यांगांच्या त्या वसतिगृहाबद्दल एकच तक्रार होती. खोलीला आतून कडी नाही, आणि जो तो आपलंच घर असल्यासारखा सरळ आत घुसतो. "पन्नाशीचा घोडा झालोय मी, मॅडम! निदान दार तरी वाजवत जा," असं म्हणत व्यवस्थापिकाबाईंचं डोकं खाऊन खाऊन त्यांनी तो विषय आज समितीपुढे न्यायला लावलाच.

बैठक काही संपेना, म्हणून काकांनी अंघोळ उरकली. पलंगावर बसून ते पँट वर ओढत होते. ती जेमतेम गुडघ्यापर्यंत आली, तोच दार धाडकन उघडलं.



"जिंकलात, काका!" अख्खी समिती घेऊन मॅडम आत शिरल्या. "आजपासून दार वाजवल्याशिवाय तुमच्या खोलीत कोणीही पाऊल टाकायचं नाही!"